धनुष्य विकायला शिकले तेव्हा

कंपनीचं पत्र आलं तेव्हा माझ्या नवऱ्याला जाऊन चार महिने झाले होते. पाकिटावर त्याचंच नाव टाइप केलेलं होतं. पोस्टमनला आमच्या घरातलं सगळं माहीत होतं, म्हणून त्याने पत्र माझ्या हातात दिलं नाही. दुकानाच्या फळीवर ठेवलं आणि सायकल ढकलत तो पुढे निघून गेला.

तेव्हा मी नवऱ्याला 'अहो' म्हणायची. पण तो गेला तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता आणि मी आता सत्तरी ओलांडली आहे. लिहायला बसलं की 'अहो' येत नाही, 'तो'च येतो.

आमचं दुकान घाटकोपरला होतं, स्टेशनपासून पाच मिनिटांवर. खेळाचं सामान विकायचो. कॅरम बोर्ड, लेझीम, मुगदल, हॉकीच्या काठ्या, फुटबॉल आणि त्यांची ब्लॅडर. बॅडमिंटनच्या रॅकेटी विणून द्यायचं काम नवरा स्वतः करायचा. मी शेजारी बसून जाळीची तात ताणून धरायची. धरता धरता विणकाम मलाही यायला लागलं होतं. तो टायफॉइडने गेला, एकवीस दिवसांत. त्यानंतर दुकानात सासरे बसू लागले. त्यांना मी मामंजी म्हणत असे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि हात थरथरायचे. त्यामुळे रॅकेटी मीच विणायची, मागच्या बाजूला, पडद्याआड. गिऱ्हाइकांना वाटायचं, आत कुणी कारागीर बसलाय.

घरात आम्ही तिघंच. सासूबाई मुलगा गेल्यापासून कामापुरतंच बोलायच्या. 'मीठ संपलंय.' 'दूधवाला आला.' सबंध दिवसात एवढंच कानावर पडायचं. मामंजी दुकानात, सासूबाई स्वयंपाकघरात आणि मी मध्ये कुठेतरी.

पत्र मी मामंजींना वाचून दाखवलं. एका कंपनीने साकीनाक्याला खेळाच्या सामानाचा नवा कारखाना काढला होता. शाळांसाठी आणि जिमखान्यांसाठी ते आता धनुष्यबाण बनवणार होते. ज्या दुकानदारांना ते विकायचे असतील त्यांनी सहा दिवस कारखान्यात येऊन शिकायचं. शिकलेला माणूस ज्या दुकानात नाही त्या दुकानाला माल मिळणार नाही, कारण चुकीच्या हातात गेलं तर धनुष्य मोडतं, नाहीतर माणूस जायबंदी होतो. नवऱ्याने वर्तमानपत्रात जाहिरात पाहून आजारी पडण्याआधीच अर्ज टाकला होता. आम्हाला पत्ताच नव्हता.

मामंजींनी पत्र हातात घेऊन त्यावरून बोटं फिरवली. मग म्हणाले, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"त्याला जायचं होतं," ते म्हणाले. "मी गेलो तर मला दोरी कुठली नि काठी कुठली तेही दिसायचं नाही. तू जा, पोरी."

"मी? तिथे सगळे पुरुष असतील."

"असू देत. आपलं दुकान आहे ना?"

सासूबाई आतून ऐकत होत्या. सोमवारी सकाळी ओट्यावर डबा भरून ठेवलेला होता.

घाटकोपरहून कुर्ला आणि कुर्ल्याहून अंधेरीकडे जाणारी बस. साकीनाका तेव्हा आताच्यासारखा नव्हता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना गवत, मध्येच एखादी पत्र्याची शेड, एखादं लेथ मशीन चालल्याचा आवाज, आणि पुढे परत गवत. कारखाना म्हणजे तीन लांब शेडी आणि समोर एक मोकळं मैदान. मैदानाच्या टोकाला पेंढ्याचे गोल ठोकळे तिकाटण्यांवर टेकवलेले होते आणि त्यांच्यावर रंगीत वर्तुळांचे कागद लावलेले होते.

एका शेडमध्ये बाकं मांडली होती. बारा पुरुष बसले होते. मुलुंडचे, बोरिवलीचे, जोगेश्वरीचे, दोघे-तिघे ठाण्याकडचे. मी दारात उभी राहिले तशी सगळ्यांची बोलणी थांबली. कंपनीचे साहेब हजेरीचं पुस्तक घेऊन आले. पंचेचाळिशीचे असतील, पांढरी पॅंट, तोंडावर चांगुलपणा. त्यांनी माझ्या नवऱ्याचं नाव वाचलं आणि वर पाहिलं.

"आले नाहीत का?"

"ते वारले," मी म्हटलं. "त्यांच्या जागी मी आलेय."

साहेबांनी पेन हातात धरून ठेवलं. पुस्तकात काय लिहावं ते त्यांना सुचत नव्हतं. शेवटी काहीच न लिहिता त्यांनी पुढचं नाव घेतलं. मी शेवटच्या बाकावर बसले. त्या बाकावर दुसरं कुणी आलं नाही, सहाही दिवस.

साहेब चांगलं शिकवायचे. विलायतेत असताना त्यांनी हा खेळ पाहिला होता आणि त्यांना त्याचं वेडच लागलं होतं. ते सांगायचे, "धनुष्य विकणं म्हणजे चप्पल विकण्यासारखं आहे. पाय न बघता चप्पल देता का? मग हात न मोजता धनुष्य कसं देता?" पहिल्या दिवशी त्यांनी दोरी चढवायला आणि उतरवायला शिकवलं. दोरी चढवल्यावर मुठीच्या जागेपासून ती किती लांब असावी, ते मोजायला फुटपट्टी लागत नाही. मूठ वळून मुठीच्या जागी टेकवायची, अंगठा उभा करायचा, आणि अंगठ्याचं टोक दोरीला लागलं पाहिजे. मी ते एकदा केलं आणि नीट जमलं. कुणी पाहिलं नाही.

हाताने करायचं सगळं काम दाखवायला कारखान्याचे मिस्तरी असायचे. साठीला आलेले, बारीक अंगाचे, खाकी हाफपॅंट आणि कानावर पेन्सिल. ते साहेबांच्या बाजूला उभे राहायचे आणि साहेब सांगतील ते करून दाखवायचे. बोलायचे अगदी कमी.

दुपारी बाकीचे सगळे शेडमध्येच डबे उघडून बसले. एकमेकांच्या डब्यातलं घेत होते, हसत होते. मी डबा घेऊन मागच्या बाजूला गेले. तिथे बांबूंची रास रचलेली होती, तिच्या सावलीत बसले. थोड्या वेळाने मिस्तरी आले. त्यांची रोजची जागा तीच होती. मला पाहून ते परत फिरायला लागले.

"बसा ना," मी म्हटलं. "मी सरकते."

ते थोड्या अंतरावर बसले. कागदाच्या पुड्यातून त्यांनी भाकरी आणि सुक्या बांगड्याचा तुकडा काढला. तो वास आला आणि मी नकळत म्हटलं, "बांगडो?"

त्यांनी मान वर केली. "तू खंयच्या गावचां गो?"

किती वर्षांनी कुणीतरी माझ्याशी मालवणीत बोललं होतं. माझं माहेर वेंगुर्ल्याच्या बाजूला. लग्न होऊन मुंबईला आले तेव्हा नवऱ्याने प्रेमानेच सांगितलं होतं की दुकानात ती भाषा बोलू नकोस, गिऱ्हाईक हसतात. मग मी दुकानात बोलायची नाही. मग घरातही बोलेनाशी झाले, कारण सासरची माणसं दोन पिढ्यांपूर्वीच मुंबईला आलेली, त्यांची ती सुटली होती. आई-वडील गेले आणि मग पत्रं लिहायलाही कुणी उरलं नाही. मी गावाचं नाव सांगितलं. मिस्तरी कुडाळचे निघाले. आधी गिरणीत लाकडी बॉबिनच्या खात्यात होते, हात लाकडावर बसलेला, म्हणून साहेबांनी इकडे आणलं होतं. बायको-मुलं गावाला. ते साकीनाक्यालाच एका खोलीत एकटे राहायचे.

त्या दिवशी आम्ही एवढंच बोललो. पण घरी जाताना बसमध्ये मी मनातल्या मनात मालवणीत बोलत होते, स्वतःशीच. काही शब्द आठवायला वेळ लागत होता.

दुसऱ्या दिवशी हात मोजायचे होते. गिऱ्हाइकाच्या छातीला फुटपट्टीचं टोक लावायचं, त्याने दोन्ही हात पुढे करून पट्टी तळव्यांत धरायची आणि बोटांची टोकं जिथे येतील तो आकडा लिहून घ्यायचा. त्यावरून बाण किती लांब लागेल ते ठरतं. साहेब म्हणाले, "जोड्या करा." बारा जणांच्या सहा जोड्या झाल्या. मी उरले. साहेबांच्या ते लक्षात आलं आणि ते लाल झाले. बाईच्या छातीला पट्टी कोण लावणार? एकदोघं एकमेकांकडे पाहून हसले. बोरिवलीचे एक दुकानदार होते, जाडजूड, बोलायला मोठे. ते म्हणाले, "साहेब, बायकांना बाण मोजूनच द्यायचे नाहीत, असा नियम करा."

हशा झाला. साहेबही अर्धवट हसले. मी माझ्या पदराचा काठ बोटाला गुंडाळत उभी होते. त्या वेळी नवरा आठवला नाही. आठवलं ते हे की सबंध जगात आता मला हात लावून काही मोजेल, ताप बघेल, असं एकही माणूस नाही.

मिस्तरींनी लांबूनच मला भिंतीकडे खूण केली. भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात बाजूला पसरून मला उभं राहायला सांगितलं. मधल्या बोटांच्या टोकांशी त्यांनी भिंतीवर पेन्सिलने दोन खुणा केल्या. मला बाजूला व्हायला सांगितलं आणि दोन खुणांमधलं अंतर मोजलं. त्याला अडीचने भागलं की आपल्या बाणाचं माप येतं. माझा आकडा आला, तो त्यांनी साहेबांना सांगितला. साहेबांनी पुन्हा स्वतः मोजून पाहिलं आणि सगळ्यांना म्हणाले, "हीसुद्धा पद्धत लिहून घ्या. शाळेतल्या मुलींसाठी उपयोगी पडेल."

बाराही जणांनी वह्या उघडल्या. बोरिवलीच्यांनीही.

तिसऱ्या दिवशी मैदानात नेम धरायला सुरुवात झाली. माझे बाण सारखे एका बाजूला जायचे. साहेबांनी कोपर दुरुस्त केलं, म्हणजे काठीने दाखवलं, पण फरक पडेना. दुपारी बांबूंच्या राशीपाशी मिस्तरी म्हणाले, "दोनय हातांचो त्रिकोण कर आणि त्येतसून त्या खुट्याक बघ. आता एक डोळो मीट. आता दुसरो."

उजवा डोळा मिटला तरी खुंटी त्रिकोणातच राहिली. डावा मिटला की ती नाहीशी व्हायची.

"तुझो डावो डोळो खरो," ते म्हणाले. "डाव्या हातान ओढ."

त्या दिवसापासून मी डाव्या हाताने ओढू लागले. पहिल्यांदा अगदी अवघड वाटलं. मग बाण ठोकळ्यात बसू लागले. मध्यभागी नाही, पण ठोकळ्यात. बाण रुतल्याचा तो आवाज मला आवडायचा. ओढलेली दोरी सुटेपर्यंत दुसरं काही मनात येत नाही, घर नाही, दुकान नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा थोडा वेळ मला काही आठवत नव्हतं.

साहेबांनी एक गोष्ट रोज बजावली होती. बाण लावल्याशिवाय दोरी ओढून सोडायची नाही. मिस्तरींनी मला ते त्यांच्या भाषेत सांगितलं होतं, धनुष्याला ते कामठो म्हणायचे, "बाण असलो तर जोर बाणाबरोबर जाता. नसलो तर सगळो जोर कामठ्याच्या अंगातच रवता. मगे तो बिचारो फुटता."

चौथ्या दिवशी जेवणानंतर मी पाण्याचा पेला आणायला शेडमध्ये गेले. भिंतीवरच्या खुंट्यांना धनुष्यं टांगलेली होती. बोरिवलीच्यांनी त्यांतलं एक काढलं होतं आणि मजा म्हणून ते मोकळीच दोरी ओढून सोडत होते. टण्ण. पुन्हा टण्ण. तिसऱ्या खेपेला आवाज वेगळा आला. त्यांनी धनुष्य जवळ घेऊन पाहिलं, अंगठ्याने दाबलं, दोरीला लावायच्या मेणाची वडी उचलून त्यावर घासली आणि धनुष्य परत टांगलं. शेडमध्ये आणखी एकच माणूस होता, जोगेश्वरीचे दुकानदार, चष्मा लावणारे, मऊ बोलणारे. ते वहीत डोकं घालून बसले होते, पण त्यांनी पाहिलं होतं. मी पेला घेतला आणि बाहेर आले. काय बोलायचं, कुणाला, ते मला समजेना. आपण इथे आधीच कशाबशा बसलोय, असं वाटलं.

दुपारी साहेब स्वतः खुंट्यांवरून धनुष्यं काढून वाटत होते. नेमकं तेच मला मिळालं. मला ते ओळखता आलं नाही, सगळी सारखीच दिसायची. मी बाण लावला, ओढलं, आणि हनुवटीपर्यंत आणते न आणते तोच वरचं पातं कडाडून मोडलं. तुटलेला तुकडा माझ्या दंडावर आपटला. ब्लाउजची बाही फाटली आणि रक्त आलं.

सगळे जमले. कुणीतरी म्हणालं, "लागलं का हो?" पण त्यांच्या मागून बोरिवलीच्यांचा आवाज आला, "तरी मी म्हणत होतो. बाईमाणसाच्या हातातलं काम नाही हे. डाव्या हाताने ओढतायत, उलटं!"

साहेबांनी तुटकं धनुष्य हातात घेतलं. ते रागावले नव्हते, दुःखी झाले होते. मला ते जास्त लागलं. "बाई," ते म्हणाले, "तुम्ही उद्यापासून नुसतं बसून बघितलंत तर चालेल. ओढायचं काम राहू द्या."

मी जोगेश्वरीच्यांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. चष्मा पुसून झाला तरी पुसत होते.

मी तुकडा साहेबांच्या हातातून मागून घेतला. तुटलेल्या तोंडाकडे मी पाहिलं. अर्धा भाग पांढरा, ताजा होता. उरलेल्या अर्ध्यावर मळकट चकाकी होती. नखाने खरवडलं तर मेण निघालं.

"हे बघा," मी म्हटलं. "मी आत्ता मोडलं असेल तर तड्याच्या आत मेण कसं जाईल? तडा आधी गेलाय. त्यात मेण भरलंय. मग मी ओढल्यावर उरलेलं मोडलं."

साहेबांनी मिस्तरींकडे पाहिलं. मिस्तरींनी तुकडा डोळ्यांजवळ नेला, नख फिरवलं आणि फक्त म्हणाले, "खरां सांगता ती."

"कुणी केलं?" साहेबांनी विचारलं.

मी नाव सांगू शकले असते. का सांगितलं नाही याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. मोठेपणा नव्हता. मला भीती वाटली की मी नाव घेईन, ते नाही म्हणतील आणि माझ्या बाजूने कुणीच उभं राहणार नाही, तर ते मला सहन होणार नाही. म्हणून मी म्हटलं, "कुणी ते जाऊ दे. पण बाण न लावता ओढलेलं आहे."

"बाईंनी पोलिसात भरती व्हायला हवं होतं," बोरिवलीचे हसून म्हणाले. या वेळी मात्र कुणी हसलं नाही.

मिस्तरींनी माझ्या दंडावर फडकं बांधलं. बांबूंच्या राशीमागे जाऊन मी रडले. ते लांब उभे होते. "रडतंस कित्याक?" ते म्हणाले. "तू बरोबर होतंस." मी म्हटलं, "म्हणानच." आणि माझं मलाच नवल वाटलं, की तो शब्द न शोधता आला.

पुढचे दोन दिवस मला ओढायला दिलं, पण माझ्याशी बोलणं जवळजवळ बंदच झालं. कुणाला माझा राग होता असं नाही. मी जवळ असले की त्यांना अवघडल्यासारखं व्हायचं. सहाव्या दिवशी परीक्षा झाली. समोर एक गिऱ्हाईक आहे असं धरून हात मोजायचा, डोळा पाहायचा, धनुष्य निवडून द्यायचं आणि समजावून सांगायचं. माझी चांगली झाली. साहेब म्हणाले, "उत्तम." मग त्यांनी सर्टिफिकेटं वाटली. जाड कागद, सोनेरी किनार. माझ्या सर्टिफिकेटवर नवऱ्याचं नाव होतं. आधी 'श्री.'

"यादी आधीच ऑफिसात गेली होती," साहेब म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "आणि दुकान त्यांच्या अर्जावर नोंदलेलं आहे. आता बदलायचं म्हणजे... माल मिळायला तुम्हाला काही अडचण येणार नाही, बाई."

मी नमस्कार केला आणि निघाले. बस स्टॉपवर जोगेश्वरीचे मागून आले. त्यांची बस उलट्या दिशेची, तरी ते रस्ता ओलांडून आले होते.

"मी पाहिलं होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी. बोलायला हवं होतं मी."

"हो," मी म्हटलं.

त्यांना वाटलं असेल मी 'जाऊ द्या' म्हणेन. मला ते म्हणता आलं नाही. बस आली आणि मी चढले.

मामंजींनी सर्टिफिकेट काचेत बसवून घेतलं आणि गल्ल्याच्या वर लावलं. त्यांना अक्षरं दिसत नव्हती, पण ती सोनेरी किनार दिसायची. गिऱ्हाईक विचारायचं, "हे काय?" ते सांगायचे, "धनुष्यबाणाचं शिक्षण. आपल्याकडे शिकलेला माणूस आहे." काही महिने असं चाललं. मग एके दिवशी पडद्याआडून मी ऐकलं, ते कुणाला तरी सांगत होते, "माझा मुलगा शिकून आला होता. सहा दिवस. रोज जायचा साकीनाक्याला."

पहिल्यांदा वाटलं, समजावून सांगायचा कंटाळा आला असेल. पण मग ते नेहमीच तसं सांगू लागले. तो कसा सकाळी निघायचा, डबा घेऊन, कुर्ल्याला बस कशी पकडायचा. माझ्या दंडाला झालेली जखमसुद्धा त्यांनी त्याला दिली. सासूबाई एकदा दुकानात आल्या होत्या, त्यांनीही ऐकलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मी हातातली तात ताणत राहिले.

धनुष्यं फारशी खपत नव्हती. लोकांना ती शोभेची वाटायची, नाहीतर दसऱ्याची. पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे मुलुंडची एक मुलींची शाळा. तिथल्या खेळाच्या बाई दुकानात आल्या आणि म्हणाल्या, आधी शाळेत येऊन दाखवा. मामंजी आणि मी गेलो. मैदानात पंचवीस-तीस मुली ओळीत उभ्या होत्या. मी मुलींना भिंतीशी उभं करून मापं घेतली, डोळे पाहिले, मग स्वतः सहा बाण सोडले. चार मधल्या वर्तुळांत बसले. मुलींनी टाळ्या वाजवल्या. खेळाच्या बाई पुढे येऊन म्हणाल्या, "अय्या, झकास! कुठे शिकलात हो?"

मी तोंड उघडण्याआधी मामंजी म्हणाले, "माझ्या मुलाने शिकवलं हिला. तो कंपनीतून शिकून आला होता."

मला आजही तो क्षण स्वच्छ आठवतो. मी 'हो' म्हणू शकले असते. काय बिघडलं असतं? पण मुली माझ्याकडे बघत होत्या आणि मी म्हटलं, "नाही. मी शिकले. ते आधीच वारले होते."

मामंजींचा चेहरा बदलला नाही. त्यांनी फक्त काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. घाटकोपरपर्यंत ते काही बोलले नाहीत. घरी आल्यावरही नाही. तीन दिवस ते दुकानात आले, बसले आणि गेले. आधी सासूबाई गप्प होत्याच, आता घरात बोलणारं कुणी राहिलंच नाही. भांडी लागल्याचा आवाज व्हायचा तेवढाच. मला वाटलं, मी त्यांचा मुलगा दुसऱ्यांदा नेला.

चौथ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी पडद्याआड रॅकेट विणत होते. ते बाहेरूनच म्हणाले, "पोरी, तो साकीनाक्याला गेला असता तर शिकला असता ना?"

"शिकले असते," मी म्हटलं. "माझ्यापेक्षा चांगलं शिकले असते."

"त्याचा नेम चांगला होता," मामंजी म्हणाले. "लहानपणी गोट्यांत कुणाला जिंकू द्यायचा नाही."

"मला नव्हतं माहीत."

मग त्यांनी मला गोट्यांची गोष्ट सांगितली. मी पडदा बाजूला सारला आणि तिथेच बसून ऐकली. त्यानंतर ते कुणाला सर्टिफिकेटबद्दल सांगताना दिसले नाहीत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "सुनेला विचारा, तिला कळतं त्यातलं." एवढं म्हणायला त्यांना काय लागत असेल ते मला माहीत होतं.

कंपनीने दोन-तीन वर्षांतच धनुष्यं बंद केली. माल खपेना. दोऱ्या संपल्या म्हणून मी एकदा साकीनाक्याला गेले तर त्या शेडींत लोखंडी कपाटांच्या कड्या तयार होत होत्या. मिस्तरींबद्दल विचारलं. गेटवरचा माणूस म्हणाला, "ते गावाला गेले. परत यायचे नाहीत." पत्ता त्याच्याकडे नव्हता. मी परत बसमध्ये बसले.

शाळेने मात्र धनुष्यं घेतली होती आणि शिकवायला मलाच बोलावलं होतं. दर गुरुवारी दुपारी मी मुलुंडला जायची. मुली खूप बडबड करायच्या, दोऱ्या गुंतवायच्या, मला 'बाई, बाई' करत मागे लागायच्या. चार वाजले की घंटा व्हायची आणि पाच मिनिटांत मैदान रिकामं व्हायचं. खेळाच्या बाईही घाईने निघायच्या, त्यांची दोन लहान मुलं घरी होती. मग मी एकटीच उरायची. ठोकळे आत न्यायच्या आधी मी उरलेले बाण एकेक करून सोडायची. काही ठोकळ्यात बसायचे, काही पलीकडे जायचे. पलीकडे गुडघाभर गवत वाढलेलं असायचं, त्यात बाण शोधायला वेळ लागायचा. मी सावकाश शोधायची. घरी लवकर पोचायची काही घाई नव्हती.